हद्दपारीनंतर अमेरिकेत परतल्याची शिक्षा आणि तिच्यावरचे अपील

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. त्या दिवसांतल्या बातम्यांचा भर बेड्यांवर आणि एजंटांनी उकळलेल्या लाखो रुपयांवर राहिला, आणि ते स्वाभाविकही होते. मात्र हद्दपार झालेल्या माणसाच्या नावावर जो आदेश मागे राहतो, त्याचे कायदेशीर ओझे किती असते याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. कर्ज फेडायचे म्हणून तोच माणूस पुन्हा त्याच वाटेने गेला, तर या वेळी त्याच्यापुढे केवळ परत पाठवणी नसते. फौजदारी खटला आणि तुरुंगवास असतो. त्या खटल्यात शिक्षा झाल्यावर अपील कसे चालते आणि त्यातून काय मिळू शकते, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

परवानगीशिवाय सीमा ओलांडणे हा अमेरिकेत पहिल्या वेळी किरकोळ गुन्हा मानला जातो आणि त्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद आहे. एकदा हद्दपार झालेली व्यक्ती सरकारची पूर्वपरवानगी न घेता परत आली, येण्याचा प्रयत्न करताना सापडली किंवा देशात नुसती आढळली, तर मात्र अमेरिकी संहितेच्या आठव्या शीर्षकातील कलम १३२६ लागू होते. हद्दपारीचा आदेश न्यायाधीशानेच दिलेला असला पाहिजे असे नाही. सीमेवरच्या अधिकाऱ्याने काढलेला झटपट हद्दपारीचा आदेशही पुरतो. या कलमाखाली साधी कमाल शिक्षा दोन वर्षांची आहे. हद्दपारीपूर्वी एखाद्या गंभीर गुन्ह्यात, अथवा अमली पदार्थांशी संबंधित किंवा व्यक्तीविरुद्धच्या तीन किरकोळ गुन्ह्यांत दोष सिद्ध झालेला असेल, तर ती दहा वर्षांपर्यंत जाते. आणि कायदा ज्याला ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ म्हणतो तसा गुन्हा नावावर असेल, तर वीस वर्षांपर्यंत. हे नाव ऐकून खून-दरोडा डोळ्यांपुढे येतो, पण व्याख्या फार सैल आहे. ज्या चोरीला एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली ती चोरीही त्यात बसते, मग ती शिक्षा संपूर्ण स्थगित ठेवली गेली असो आणि माणूस एक दिवसही तुरुंगात न गेलेला असो.

या प्रकारच्या बहुतेक खटल्यांत साक्षीपुराव्याची सुनावणी होतच नाही. बोटांचे ठसे जुळतात, जुना हद्दपारीचा आदेश फाइलमध्ये असतो, परवानगी घेतलेली नसते. वकील सांगतो की लढण्यासारखे काही नाही आणि आरोपी गुन्हा कबूल करतो. त्यामुळे अपिलाचा विषय बहुधा दोष हा नसतो, शिक्षा किती हा असतो. आपल्याकडेही गुन्हा कबूल करणाऱ्याला उच्च न्यायालयात किंवा सत्र न्यायालयात केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता एवढ्यावरच अपील करता येते, त्यामुळे ही मर्यादा मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. फरक पुढे आहे. भारतात अपिलाचे न्यायालय पुराव्याचे नव्याने मूल्यमापन करू शकते. अमेरिकेतले फेडरल (केंद्रीय) अपील न्यायालय नवा पुरावा घेत नाही, साक्षीदार बोलावत नाही आणि आरोपीला समोर उभेही करत नाही. तीन न्यायाधीश खालच्या न्यायालयातले कागद आणि कामकाजाची शब्दशः नोंद वाचतात आणि शिक्षा ठरवताना कायद्याची चूक झाली का, एवढेच पाहतात. घरची परिस्थिती, आजारी आई, मुलांचे शिक्षण हे सगळे शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशापुढे मांडायचे असते. अपिलात दयेचा अर्ज चालत नाही. तिथे हिशेब तपासला जातो.

हिशेब हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा आहे.

शिक्षेचा आकडा कसा निघतो

फेडरल न्यायालयांसाठी शिक्षा आयोगाने तयार केलेली एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात उभ्या बाजूला गुन्ह्याच्या ४३ पातळ्या आणि आडव्या बाजूला गुन्हेगारी पूर्वेतिहासाच्या सहा श्रेणी असा तक्ता आहे. दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत महिन्यांचा पल्ला लिहिलेला असतो. २००५ मधल्या बुकर खटल्यानंतर हा पल्ला न्यायाधीशावर बंधनकारक राहिलेला नाही, पण शिक्षेचा विचार तिथूनच सुरू करावा लागतो आणि प्रत्यक्षात पुष्कळ न्यायाधीश त्याच्या आसपासच राहतात. म्हणून चौकट चुकीची निवडली गेली, तर पुढचे सगळे चुकीच्या जागेवरून सुरू होते.

हद्दपारीनंतरच्या पुनर्प्रवेशासाठी मूळ पातळी ८ आहे. पूर्वी जुन्या गुन्ह्याच्या प्रकारावरून तिच्यात एकदम १६ पातळ्यांपर्यंत भर पडत असे. नोव्हेंबर २०१६ पासून ही पद्धत बदलली आणि आता जुन्या गुन्ह्यात किती शिक्षा झाली होती यावर भर ठरते. पाच वर्षे किंवा अधिक असल्यास १०, दोन वर्षे किंवा अधिक असल्यास ८, तेरा महिन्यांहून अधिक असल्यास ६, अन्य गंभीर गुन्हा असल्यास ४. हद्दपारीच्या आदेशापूर्वीचे गुन्हे आणि त्यानंतरचे गुन्हे यांची भर वेगवेगळी धरतात, आणि याच कलमाखाली आधी शिक्षा झालेली असेल तर तिचे आणखी ४. जबाबदारी मान्य केल्याबद्दल दोन पातळ्या कमी होतात. बेरीज १६ किंवा त्याहून जास्त असेल आणि सरकारी वकिलाने तशी विनंती केली, तर तिसरीही. सीमेवरच्या काही जिल्ह्यांत झटपट कबुली देणाऱ्यांना आणखी सवलतीची सोय आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका माणसाला हद्दपारीपूर्वी राज्याच्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली होती आणि त्यातली अर्धी, म्हणजे अठरा महिने, स्थगित ठेवली होती. शिक्षेपूर्वीचा अहवाल लिहिणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याने जुन्या निकालपत्राची पहिलीच ओळ वाचून तीन वर्षे असे धरले. मूळ ८ अधिक ८ मिळून १६, त्यातून कबुलीचे ३ वजा, राहिले १३. पूर्वेतिहासाची तिसरी श्रेणी असेल तर तक्त्यातली चौकट १८ ते २४ महिने सांगते. पण मार्गदर्शिकेच्या नियमानुसार शिक्षेचा स्थगित भाग मोजायचा नसतो. म्हणजे जुनी शिक्षा अठरा महिन्यांचीच धरायला हवी; भर ८ ऐवजी ६, बेरीज १४. आता बेरीज १६ च्या खाली आल्यामुळे तिसरी सवलत मिळत नाही, फक्त दोन वजा होतात आणि पातळी १२ येते. तिसऱ्या श्रेणीत तिचा पल्ला १५ ते २१ महिने आहे. दोन पातळ्यांची चूक दुरुस्त होऊन पदरात एकच पातळी पडली, तरी ते तीन महिने तुरुंगातले आहेत.

गोंधळाचे मूळ असे, की वर सांगितलेल्या ॲग्रव्हेटेड फेलनीच्या व्याख्येत स्थगित शिक्षा पूर्ण धरतात आणि मार्गदर्शिकेच्या बेरजेत ती सोडून देतात. एकाच खटल्यात, एकाच जुन्या निकालासाठी, दोन वेगळे मापदंड. कायदा करणाऱ्यांनी हे सुटसुटीत करायला हवे होते असे माझे मत आहे. पण जोवर ते तसे नाही तोवर चुका होत राहणार, आणि अपिलात यशाची खरी शक्यता अशाच रुक्ष जागी असते.

म्हणूनच पूर्वेतिहास आणि मार्गदर्शिकेची बेरीज न्यायाधीशापुढे मांडणारा शिक्षेपूर्वीचा अहवाल हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. तो शिक्षेच्या सुनावणीच्या किमान ३५ दिवस आधी आरोपीला आणि त्याच्या वकिलाला मिळायला हवा आणि त्यावर १४ दिवसांत लेखी हरकती घ्यायच्या असतात. तो इंग्रजीत असतो. आरोपीला इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागण्याचा हक्क फेडरल कायद्याने दिलेला आहे, आणि ज्याचे हिंदी कामचलाऊ आहे अशा मराठी माणसाने हिंदी दुभाष्यावर भागवून न घेता मराठीचा आग्रह धरावा. जुन्या खटल्यात आपल्याला नक्की किती शिक्षा झाली, त्यातली किती स्थगित होती, दोन खटल्यांचे निकाल एकाच दिवशी लागले होते का, हे त्या माणसाइतके वकिलालाही ठाऊक नसते.

चौदा दिवस

निकालपत्र न्यायालयाच्या नोंदवहीत दाखल झाल्यापासून आरोपीला अपिलाची सूचना देण्यासाठी फक्त १४ दिवस मिळतात. आपल्याकडे अन्य न्यायालयात अपिलासाठी ३० आणि उच्च न्यायालयासाठी ६० दिवस असतात. त्या सवयीने विचार केला तर गाडी चुकते. सबळ कारण दाखवल्यास ही मुदत आणखी ३० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण त्या आशेवर राहू नये. सूचना म्हणजे लांबलचक युक्तिवाद नव्हे, एका परिच्छेदाचा कागद असतो, आणि तो अपील न्यायालयात न देता शिक्षा देणाऱ्या जिल्हा न्यायालयातच दाखल करायचा असतो. तुरुंगात असलेल्याने तो मुदतीत तुरुंगाच्या टपालव्यवस्थेकडे रीतसर सोपवला, तर तो वेळेत दाखल झाला असे मानले जाते.

इथे बहुतेकांना अडवणारी गोष्ट म्हणजे कबुलीच्या करारातले अपिलाचा हक्क सोडल्याचे कलम. सवलतीच्या बदल्यात सरकार ते मागते आणि आरोपी सही करतो. न्यायालये अशी कलमे साधारणपणे पाळायला लावतात. तरीही सगळी दारे बंद होत नाहीत. शिक्षा कायद्यातल्या कमाल मर्यादेच्या वर गेली, वकिलाने घटनेला अपेक्षित असलेले काम केले नाही, किंवा ते कलम समजून-उमजून स्वीकारलेलेच नव्हते, तर दाद मागण्याची वाट सहसा उरते. शिवाय ‘तू हक्क सोडला आहेस’ असे सांगून वकील स्वतःच्या मर्जीने सूचना दाखल करण्याचे टाळू शकत नाही. आरोपीने स्पष्ट सांगितले असेल तर ती दाखल करावीच लागते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गार्झा विरुद्ध आयडाहो या खटल्यात ठरवले. हे सांगणे शक्यतो लेखी असावे. ज्याला न्यायालयाने मोफत वकील दिलेला असतो, त्याला अपिलासाठीही तो मिळतो. वकिलाती संबंधांविषयीच्या वियना कराराप्रमाणे भारतीय नागरिकाने मागणी केल्यास अधिकाऱ्यांना भारतीय वकिलातीस अटकेची माहिती द्यावी लागते. वकिलात अपील लढवत नाही, पण घरच्यांशी संपर्क आणि जुने कागद मिळवणे यासाठी तिचा उपयोग होतो.

तेव्हाच बोलला होतात का?

अपील न्यायालय प्रत्येक तक्रारीपाशी पहिला प्रश्न हाच विचारते. शिक्षेच्या सुनावणीत त्या मुद्द्यावर हरकत घेतली असेल, तर मार्गदर्शिकेचा अर्थ वरचे न्यायाधीश नव्याने तपासतात आणि चूक निरुपद्रवी होती हे दाखवण्याचे ओझे सरकारवर येते. हरकत घेतली नसेल, तर अपील करणाऱ्याला चार पायऱ्या चढाव्या लागतात: चूक झाली, ती उघड होती, तिचा त्याच्या हक्कांवर परिणाम झाला, आणि ती तशीच ठेवली तर न्यायव्यवस्थेच्या प्रतिष्ठेला बाधा येईल. चौथी पायरी चढून गेल्यावरही दुरुस्ती करायची की नाही हे न्यायालयाच्या विवेकावर असते.

या पायऱ्या किती उंच असाव्यात हे ठरवणारे दोन महत्त्वाचे निकाल हद्दपारीनंतरच्या पुनर्प्रवेशाच्याच खटल्यांत आलेले आहेत, हा योगायोग नव्हे; पाचव्या सर्किटच्या न्यायालयाकडे, म्हणजे टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या राज्यांसाठीच्या अपील न्यायालयाकडे, असे खटले सतत येतात.

पहिला मोलिना-मार्टिनेझ खटला. एकाच दिवशी शिक्षा झालेले अनेक घरफोडीचे जुने गुन्हे प्रोबेशन कार्यालयाने सुटे सुटे मोजले, ज्यांवरून श्रेणी ठरते ते पूर्वेतिहासाचे गुण वाढले आणि ७० ते ८७ महिन्यांऐवजी ७७ ते ९६ महिन्यांचा पल्ला निघाला. न्यायाधीशाने त्यातली सर्वांत कमी, म्हणजे ७७ महिन्यांची शिक्षा दिली. चूक कोणाच्याच लक्षात आली नाही. अपिलात नेमलेल्या वकिलाने तर ‘मांडण्यासारखा एकही मुद्दा सापडत नाही’ असे निवेदन दिले. १९६७ च्या अँडर्स निकालानुसार वकिलाला तसे करता येते, मात्र आरोपीला स्वतःचे म्हणणे पाठवण्याची संधी द्यावी लागते. त्या माणसाने ती घेतली आणि बेरजेतली ही चूक स्वतःच दाखवून दिली. पाचव्या सर्किटने तरीही शिक्षा कायम ठेवली, कारण ७७ महिने योग्य पल्ल्यातही बसत होते आणि कमी शिक्षा झाली असती याचा वेगळा पुरावा नव्हता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. चुकीचा पल्ला समोर ठेवून शिक्षा दिली गेली, एवढेच दाखवणे सहसा पुरेसे आहे, वेगळा पुरावा मागण्याची गरज नाही, असे ते म्हणाले.

दुसरा रोसालेस-मिरेलेस खटला. टेक्सासमधल्या एका किरकोळ मारहाणीची शिक्षा अहवालात दोनदा मोजली गेली. गुण ११ ऐवजी १३ झाले, पाचवी श्रेणी सहावी झाली, पल्ला पुन्हा तोच, ७० ते ८७ च्या जागी ७७ ते ९६. शिक्षा ७८ महिन्यांची. पाचव्या सर्किटने चूक मान्य केली, ती उघड आहे हेही मान्य केले, पण अशा चुकीने सद्सद्विवेकाला धक्का बसत नाही म्हणून चौथ्या पायरीवर अपील फेटाळले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती सोटोमेयर यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की यंत्रणेच्याच बेरजेच्या चुकीमुळे माणसाला गरजेपेक्षा जास्त काळ तुरुंगात ठेवणे हीच न्यायव्यवस्थेच्या प्रतिष्ठेला बाधा आहे, आणि अशी चूक साधारणपणे दुरुस्त केली गेली पाहिजे.

या निकालांमुळे न बोललेल्या माणसालाही आधार मिळाला, पण वेळीच बोललेल्याची बाजू आजही कितीतरी भक्कम असते.

जे मुद्दे वारंवार मांडले जातात

हिशेब बरोबर असेल आणि तरी शिक्षा फार झाली असे वाटत असेल, तर ती ‘अवाजवी’ आहे असा मुद्दा मांडता येतो. कमी शिक्षेची विनंती खालच्या न्यायालयात केली असेल तर हा मुद्दा जपला गेला असे २०२० च्या होल्गिन-हर्नांडेझ निकालाने मान्य केले. पण इथे यश क्वचित मिळते. २००७ च्या गॉल निकालाप्रमाणे वरच्या न्यायालयाने आपली पसंती लादायची नसते, आणि त्याच वर्षीच्या रीटा निकालाने पल्ल्यातली शिक्षा वाजवी असल्याचे गृहीत धरण्याची मुभा दिली. पाचवे सर्किट ती वापरते, नववे वापरत नाही. जुना गुन्हा पातळीतही धरला जातो आणि पूर्वेतिहासातही, म्हणजे एकाच गोष्टीची दुहेरी शिक्षा होते, ही तक्रार ऐकायला सयुक्तिक आहे; मार्गदर्शिकेची रचनाच तशी असल्याने न्यायालये ती नाकारतात.

दुसरा नेहमीचा मुद्दा आल्मेंडारेझ-टोरेस खटल्याचा आहे. जुन्या गुन्ह्यामुळे कमाल शिक्षा दोनवरून वीस वर्षांवर जाते, मग तो जुना गुन्हा आरोपपत्रात लिहून ज्यूरीपुढे सिद्ध करायला नको का? १९९८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उत्तर आले की नको. त्या पाचांतले न्यायमूर्ती थॉमस यांनी दोनच वर्षांनी आपले मत चुकले असे लिहिले. तरीही निकाल उभा आहे, आणि आजही वकील हा मुद्दा हरणार हे माहीत असून अपिलात नोंदवून ठेवतात, उद्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवलाच तर आपले अशील बाहेर राहू नये म्हणून.

मूळ हद्दपारीच अन्यायाची होती, हा मुद्दा मात्र शिक्षेच्या अपिलात उशिरा ठरतो. तो गुन्हा कबूल करण्यापूर्वी मांडावा लागतो, आणि त्यासाठी उपलब्ध प्रशासकीय दाद मागितली होती, न्यायालयीन फेरतपासणीची संधी हिरावली गेली होती आणि कार्यवाही मुळातच अन्यायकारक होती, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. पालोमार-सान्टियागो हा ग्रीनकार्डधारक १९९८ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याच्या ज्या गुन्ह्यामुळे हद्दपार झाला, तो गुन्हा हद्दपारीला पात्र नव्हताच हे नंतर स्पष्ट झाले. तरी तिन्ही अटी प्रत्येकाला लागू आहेत असे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले.

अपील केल्याने शिक्षा वाढेल का, ही भीती घरच्यांकडून हमखास ऐकू येते. सरकारने स्वतः अपील केले नसेल तर अपील न्यायालय आपण होऊन शिक्षा वाढवू शकत नाही, असे २००८ चा ग्रीनलॉ निकाल सांगतो. कबुलीच रद्द करून मागितली तर गोष्ट वेगळी, कारण मग करारात मागे घेतलेले आरोपही परत उभे राहू शकतात. अपील जिंकले तरी सुटका होत नाही. शिक्षा रद्द होऊन प्रकरण जिल्हा न्यायाधीशाकडे परत जाते, तिथे योग्य पल्ला समोर ठेवून नवी शिक्षा दिली जाते, आणि ती जुन्याइतकीच असू शकते. हद्दपारीच्या आदेशाला तर या अपिलाचा स्पर्शही होत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. नोंदीचे टंकलेखन, दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद आणि निकाल यांत पंधरा महिन्यांची शिक्षा संपूनही जाऊ शकते, म्हणून अशा प्रकरणांत वकील लवकर निकालाची विनंती करतात. शिक्षा संपली की माणूस तुरुंगातून इमिग्रेशन खात्याच्या ताब्यात जातो आणि तिथून विमानात. भोगून झालेल्या कैदेवरचे अपील मग बहुधा निरर्थक ठरते. मात्र कैदेनंतरच्या देखरेखीची अट शिल्लक असेल, तर केवळ हद्दपारीमुळे अपील संपत नाही, असे पाचव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने २०१६ मध्ये ठरवले. देश सोडून गेलेल्या माणसावर देखरेख कसली, असे वाटेल. मार्गदर्शिकाही म्हणते की ज्याला हद्दपार केले जाणार आहे त्याच्यावर ही अट सहसा घालू नये. पण ती घातली गेली आणि तो माणूस त्या मुदतीत पुन्हा परतला, तर नव्या गुन्ह्याच्या शिक्षेखेरीज अटीच्या भंगाची वेगळी कैद होते. त्यामुळे निकालपत्रात ती कारणाशिवाय आली असेल, तर तेवढ्याच एका ओळीसाठी अपील करण्याला अर्थ असतो.